चांद्याला काय झालं होतं?

संपादक मंडळाचा फोन आला तेव्हा आधीच बजावण्यात आलं की शाळेच्या आठवणी आता पुरे. बाक, छडी, मधली सुट्टी आणि प्रार्थना यांवर ढिगाने लेख आलेत. ‘तू ढोर-डॉक्टर, तुझ्या धंद्याचा इतिहास लिही. कुत्र्यांचे आजार कसे ओळखायला लागले, औषधं कुठून आली, असलं काहीतरी. लोकांच्या घरी कुत्री आहेत, वाचतील.’ ठीक आहे, इतिहासच लिहिते. पण त्याची सुरुवात शाळेच्या फाटकापाशीच होते, त्याला माझा नाइलाज आहे.

१९७६च्या बॅचला चांद्या आठवत असेल. तांबूस रंग, कपाळावर पांढरा ठिपका, शेपटी अर्धी. फाटकाबाहेर बोरं-चिंचा विकणाऱ्या मावशींच्या टोपलीशेजारी त्याची जागा ठरलेली. मधल्या सुट्टीत त्याला पोळीचे तुकडे मिळायचे, आणि आपल्यातला एकजण तर घरून त्याच्यासाठी वेगळी पोळी आणायचा. हे १९७४ साल. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा चांद्याचे डोळे चिपडांनी भरलेले होते, नाक वाहत होतं, आणि तो खोकायचा. असे दोन-तीन आठवडे गेले. मग त्याचं डावं कानशील उडायला लागलं. टक, टक, टक, एका तालात. झोपेतसुद्धा थांबायचं नाही. आम्ही मुली त्यावर हसायचो.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटत असताना तो आडवा पडला, पाय ताठ झाले, जबडा कडकड वाजायला लागला आणि तोंडाला फेस आला. कोणीतरी किंचाळलं, ‘पिसाळलाय!’

ती मी होते. एक्कावन्न वर्षांत हे मी घरच्यांशिवाय कोणाला सांगितलेलं नाही.

पुढचं सगळ्यांनी पाहिलं आहे. गोखले रोडच्या बाजूने दोन-तीन माणसं काठ्या घेऊन आली आणि पाच मिनिटांत काम झालं. पोळी आणणाऱ्या मित्राच्या बोटावर खरचटलेलं होतं आणि त्या बोटाला चांद्याची लाळ लागली होती. त्याला पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली. रोज एक. तो शाळेत वाकून चालत यायचा, आणि आपण त्याला ‘चौदावं रत्न’ म्हणत होतो. (त्याला विचारूनच हे लिहिते आहे.)

आता इतिहास.

‘पिसा’ म्हणजे वेडा. आपण ‘वेडंपिसं’ म्हणतो त्यातलाच. कुत्रा पिसाळला की त्याच्यावर दुसरा इलाज नाही, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं आणि ते खरंही आहे. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की कुत्रा काय किंवा माणूस काय, जवळजवळ नेहमीच मरतो. त्यामुळे हा शब्द एकाच वेळी रोगाचं नाव, निदान आणि शिक्षा असा तिन्ही होऊन बसला. मुंबईच्या इंग्रज सरकारने तर भटक्या कुत्र्यांना मारायचा हंगामच ठरवून दिला होता. १८३२ मध्ये तो वाढवला, आणि दर कुत्र्यामागे बक्षीस असल्याने मारेकरी लोकांच्या दारातली पाळलेली कुत्रीही उचलायला लागले. कुत्र्याला पवित्र मानणाऱ्या पारशी समाजाने त्या जूनमध्ये फोर्टातली दुकानं बंद केली, लष्कराची रसद अडवली, आणि शेवटी दंगल झाली. मुंबईच्या इतिहासात ही ‘कुत्र्यांची दंगल’ म्हणूनच नोंदली गेली आहे. त्या वेळी पिसाळलेला कुत्रा आणि नुसता आजारी कुत्रा यांत फरक कसा करायचा, हे मारणाऱ्यांना माहीत नव्हतं आणि वाचवणाऱ्यांनाही.

तो फरक शिकवणारी जागा पन्नासेक वर्षांनी परळला उभी राहिली. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून १८८०च्या दशकात त्यांच्या पत्नीच्या नावाने बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचं इस्पितळ निघालं आणि १८८६ मध्ये त्याला जोडून मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. गिरणगावातले लोक इस्पितळाला ‘बैलघोडा’ म्हणत, अजूनही म्हणतात. नाव अगदी बरोबर आहे. शहर चालत होतं ते बैलांवर आणि घोड्यांवर. लष्कराला घोडे आणि खेचरं हवी होती. १८८९ मध्ये सरकारने पुण्यात जंतुशास्त्राची प्रयोगशाळा काढली तीही गुरांच्या रोगांसाठी, आणि चार वर्षांत ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलली. या सगळ्यात कुत्र्याला कोण विचारतो?

एक माणूस विचारत होता. कॉलेजचे पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील. हत्तींच्या रोगांवर पुस्तक लिहिणारा हा माणूस ब्रह्मदेशात लष्कराच्या खेचरांचा ‘सर्रा’ हा रोग तपासून आलेला होता. परळला आल्यावर १८८८ मध्ये त्यांनी कुत्र्यांच्या रोगांवर एक अख्खा ग्रंथ प्रसिद्ध केला. बैलघोड्याच्या दारात बसून कुत्र्यावर पुस्तक! १८९१ मध्ये ते वारले तेव्हा चाळिशीचेही नव्हते. मी शिकायला गेले तेव्हा मला त्यांचं नाव फक्त एका पदकाशी जोडलेलं माहीत होतं. पुस्तकाचा पत्ता फार उशिरा लागला.

स्टील यांच्या काळात कोणत्याच कुत्र्याच्या विषाणूजन्य रोगाचं कारण ठाऊक नव्हतं. लुई पाश्चर यांनी जुलै १८८५ मध्ये जोसेफ माइस्टर या मुलाला रेबीजची लस टोचली होती, पण रोगाचा विषाणू त्यांनाही दिसलेला नव्हता. १९०३ मध्ये इटलीत नेग्री यांना पिसाळून मेलेल्या जनावरांच्या मेंदूच्या पेशींत लालसर गोल ठिपके दिसले. आता कुत्रा पिसाळलेला होता का, हे सांगता यायला लागलं, पण तो मेल्यावर आणि त्याचं डोकं प्रयोगशाळेत पोचलं तर! मेंदू कुजला की ठिपके सापडत नाहीत, आणि काही वेळा रोग असूनही सापडत नाहीत. खात्रीची चाचणी, चमकणाऱ्या रंगाची, १९५८ मध्ये आली. तीही मेंदूवरच.

जिवंत कुत्र्यासाठी मात्र एक साधीसुधी कसोटी होती, आणि ती आजही माझ्या मते या रोगातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट आहे: दहा दिवस बांधून ठेवा आणि बघा. लाळेत विषाणू उतरलेला असेल तर कुत्रा दहा दिवसांत आजारी पडून मरतोच. दहाव्या दिवशी तो शेपटी हलवत असेल तर त्याने चावताना रेबीज दिला नव्हता. याला सूक्ष्मदर्शक लागत नाही. साखळी, पाण्याचं भांडं आणि धीर लागतो. मारून टाकलं की ही कसोटी हातची जाते. आणखी एक: पिसाळलेला कुत्रा पाण्याला घाबरतो, असं आपण सगळेच म्हणतो. पाण्याची भीती हे माणसातलं लक्षण आहे. कुत्रा बरेचदा पाणी प्यायचा प्रयत्न करतो, पण घसा लुळा पडल्याने गिळता येत नाही.

त्या चौदा इंजेक्शनांचाही इतिहास आपल्या देशातलाच आहे. १९०० मध्ये कसौलीला पाश्चर संस्था सुरू झाली आणि तिथे डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये मेंढीच्या मेंदूपासून लस केली: रेबीजने आजारी केलेल्या मेंढीचा मेंदू घोटून, फिनॉलने विषाणू मारून. स्वस्त होती, हजारो जीव वाचवले. पण मेंदूचाच अंश असल्याने कधीकधी टोचून घेणाऱ्याला लकवा व्हायचा, आणि पोटावर गाठी तर यायच्याच. आपल्या मित्राला मिळाली ती हीच. जगाने ती सोडून दिल्यावरही आपण ती वापरत राहिलो. २००४च्या अखेरीस ती बंद झाली. आता दंडात चार-पाच सुया पुरतात.

मी परळला गेले ते १९७८ मध्ये. आईने ‘मुलगी ढोर-डॉक्टर?’ म्हणून कपाळावर हात मारला होता. ठाण्याहून धीमी लोकल, परळला उतरायचं, मग चालत. त्या आचार्य दोंदे मार्गाच्या परिसरात माणसांचं टाटा, माणसांचं के. ई. एम., लशींचं हाफकिन आणि जनावरांचं बैलघोडा अशी सगळी मंडळी शेजारी-शेजारी आहेत. तिसऱ्या वर्षाला असताना बाह्यरुग्ण विभागात एक पॉमेरेनियन आलं. (त्या काळी दर दुसऱ्या घरात पॉमेरेनियन असायचं.) डोळ्यांना चिपडं, पायाच्या गाद्या कडक झालेल्या, आणि कानशील उडतंय. टक, टक, टक. सरांनी माझा हात धरून तिथे ठेवला आणि म्हणाले, ‘मोज.’ मी मोजायला लागले आणि मला रडू यायला लागलं. सरांना वाटलं मुलगी हळवी आहे, या धंद्यात टिकायची नाही.

तो डिस्टेंपर होता. पाळणारे लोक ‘डिस्टेंपर’च म्हणतात, आणि भिंतीच्या रंगाशी घोटाळा होऊन हसतातही. हा रोग असा: आधी ताप, डोळे-नाक वाहणं, खोकला, जुलाब. कुत्रा बरा होतोय असं वाटतं, आणि मग दोन-तीन आठवड्यांनी विषाणू मेंदूत पोचतो. स्नायू तालात उडतात, जबडा चघळल्यासारखा वाजतो, फेस येतो, झटके येतात. बघणाऱ्याला तो पिसाळलेलाच वाटतो. फरक मागच्या तीन आठवड्यांत असतो. रेबीज असा रेंगाळत नाही.

देवीची लस शोधणाऱ्या एडवर्ड जेन्नर यांनी १८०९ मध्येच या रोगाचं वर्णन लिहिलं होतं, रेबीजपासून तो वेगळा आहे हेही ओळखलं होतं. १९०५ मध्ये फ्रान्सच्या कारे यांनी दाखवलं की अगदी बारीक गाळणीतून गाळलेल्या स्रावानेही रोग होतो, म्हणजे तो जंतू नेहमीच्या जंतूंहून लहान आहे. वीस वर्षं लोकांनी त्यांचं ऐकलं नाही. पुढे इंग्लंडात कोल्ह्यांच्या शिकारीचे कुत्रे कळपाने मरायला लागले तेव्हा ‘द फील्ड’ नावाच्या शिकारी लोकांच्या साप्ताहिकाने १९२३ मध्ये वाचकांकडून निधी गोळा केला, आणि लेडलॉ आणि डंकिन या दोघांनी त्या पैशांतून १९२६ ते २८ या काळात विषाणू सिद्ध केला आणि लसही केली. प्रयोगासाठी त्यांनी फेरेट नावाचे मुंगसासारखे प्राणी पाळले होते. याच फेरेटांमुळे १९३३ मध्ये माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू सापडला. तुम्ही दरवर्षी फ्लूची लस घेत असाल तर त्यात थोडा वाटा शिकारी कुत्र्यांचा आहे.

इथे मला एक गोष्ट खटकते, ती सांगून टाकते. आपल्या देशातल्या कुत्र्यांच्या रोगांची पानं उलटली की आधी साहेबाचा कुत्रा भेटतो. गोचिडीतून होणारा एक ताप आहे, त्याचे परजीवी लाल रक्तपेशीत असतात. ते १९१० मध्ये मद्रासला पॅटन यांनी शोधले, मद्रास हंट या शिकारी मंडळाच्या कुत्र्यांच्या रक्तात. मग कोल्ह्यांच्या रक्तातही सापडले. गोचिडीचाच दुसरा ताप, अर्लिकिया, फ्रेंचांनी १९३५ मध्ये अल्जीरियात पाहिला, आणि जगाने त्याची दखल घेतली ती व्हिएतनाममध्ये अमेरिकी लष्कराचे कुत्रे नाकातून रक्त येऊन दगावायला लागले तेव्हा. ज्याच्यामागे मालक, पलटण किंवा शिकारी मंडळ आहे त्याला निदान मिळालं. चांद्याच्या वाट्याला एक शब्द आला.

१९८७ मध्ये मी घंटाळीजवळ तळमजल्यावर दोन खोल्यांत दवाखाना टाकला. जुना सूक्ष्मदर्शक घेतला. तोवर आजूबाजूला ‘कुत्र्याला ताप आहे’ म्हटलं की अँटिबायोटिकची सुई, एवढाच रिवाज होता. उन्हाळ्यात लोक कुत्र्याला घेऊन यायचे, ‘डॉक्टर, घोळणा फुटलाय, उष्णता झाली.’ कोणी सब्जा पाजलेला असायचा, कोणी डोक्यावर कांदा ठेचून. कानाच्या कडेला सुई टोचून एक थेंब काचेवर ओढायचा, जिम्सा रंग द्यायचा, तेलाचा थेंब टाकून बघायचं. लाल पेशीत इवल्याशा अंगठ्या दिसल्या तर मद्रासच्या शिकारी कुत्र्यांचा रोग. पांढऱ्या पेशीत तुतीच्या फळासारखा पुंजका दिसला तर व्हिएतनामचा. घोळणा बरेचदा दुसऱ्याचा असायचा, कारण त्यात रक्त गोठवणाऱ्या पेशीच कमी होतात. डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या तीन-चार आठवडे दिल्या की खाटेखालून न निघणारा कुत्रा फिरायला साखळी घेऊन येतो. पहिला ताप मात्र चिवट आहे. मोठ्या आकाराच्या परजीवीवर चालणारं इंजेक्शन या बारक्या मद्रासीला पुरतं मारत नाही. रोग दबतो आणि पुन्हा उठतो. हल्ली माणसाच्या मलेरियाची औषधं दुसऱ्या औषधांबरोबर जोडून देतात. आता प्लास्टिकच्या पट्टीवर रक्ताचे थेंब टाकून दहा मिनिटांत अर्लिकियाचं उत्तर येतं, पीसीआरला नमुना पाठवता येतो, पण मी अजून काचेवर बघतेच. आणि गोचीड कुत्र्यापेक्षा भिंतीत जास्त असते, हे नौपाड्यातल्या जुन्या इमारतींनी मला शिकवलं. मादी हजारो अंडी घालते ती जिन्याच्या भेगांत. नुसतं कुत्र्याला औषध लावून काय होणार?

माझ्या विद्यार्थिदशेतच पार्व्हो आला. १९७८ मध्ये हा विषाणू जगात जवळजवळ सगळीकडे एकदम दिसला. मांजरांच्या एका जुन्या विषाणूचा हा चुलतभाऊ. आपल्याकडे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पिल्लं रक्ताचे जुलाब होऊन दोन दिवसांत मरायला लागली. आम्ही सलाइन लावून रात्रभर बसायचो. आजही त्यावर आमच्या हाती मुख्यतः सलाइन आणि देखभालच आहे. लस आहे, ती वेळेवर घ्या, एवढंच सांगते आणि पुढे जाते.

रस्त्यावरच्या कुत्र्याचा म्हणावा असा एक रोग आहे, आणि त्याची गोष्ट मला सर्वांत आवडते. नर-मादीच्या संगातून पसरणारी एक गाठ असते. ती गाठ हाच संसर्ग असतो: एका कुत्र्याच्या कर्करोगाच्या पेशी दुसऱ्याच्या अंगावर रुजतात. १८७६ मध्ये रशियात नोविन्स्की यांनी ती एका कुत्र्यातून दुसऱ्यात लावून दाखवली होती. अलीकडे तिच्या जनुकांचा अभ्यास झाला तेव्हा कळलं की जगभरच्या कुत्र्यांतली ही गाठ काही हजार वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्याची आहे, आणि तो बहुधा आशियातला. तो मेला, त्याच्या पेशी अजून फिरतायत. रक्तस्राव होणारी ही गाठ बघून लोक कुत्र्याला हाकलतात. प्रत्यक्षात ती बरी होते: आठवड्याला व्हिन्क्रिस्टीनची एक शिरेतली सुई, अशा चार ते सहा. आणि व्हिन्क्रिस्टीन निघतं सदाफुलीपासून. विष्णुनगरातल्या प्रत्येक गॅलरीत, डालड्याच्या डब्यात जी असायची, तीच. (पानं चघळायला देऊ नका, त्याने काही होत नाही. एकाने दिली होती, कुत्र्याला उलट्या झाल्या.)

२०२५च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पकडलेले भटके कुत्रे नसबंदी आणि लस देऊन त्यांच्याच जागी सोडावेत. रेबीज झालेले, त्याचा संशय असलेले आणि आक्रमक कुत्रे मात्र सोडू नयेत. बातमी वाचताना मी ‘संशय’ या शब्दापाशी थांबले. संशय कोणी घ्यायचा? फाटकाशी उभ्या असलेल्या नववीतल्या मुलीने?

मग चांद्याला काय झालं होतं? मेंदू तपासलाच नाही, त्यामुळे शपथेवर सांगता येणार नाही. पण तीन आठवड्यांचा सर्दी-खोकला, मग उडणारं कानशील, मग चघळल्यासारखा जबडा, आणि शेवटच्या दिवशीही मावशींनी ओतलेलं पाणी तो प्यायला होता. माझ्या दवाखान्यात असा कुत्रा आला तर मी केसपेपरवर डिस्टेंपर लिहीन. तो जगला असता का, हा वेगळा प्रश्न. मेंदूत पोचलेल्या डिस्टेंपरवर आजही औषध नाही. झटके आवरता येतात, काही कुत्री कानशील उडवत वर्षानुवर्षं जगतात, बरीच मरतात. तो बहुधा मेलाच असता, पण फाटकाशी, अंगावर पोतं घेऊन.

हा खर्डा मी आपल्या ‘चौदाव्या रत्ना’ला फोनवर वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘म्हणजे माझी इंजेक्शनं फुकट गेली?’ मी म्हटलं, नाही. कुत्रा मेलेला, मेंदू तपासलेला नाही, बोटावर जखम आणि जखमेवर लाळ. दहा दिवस थांबायची सोय आपणच संपवलेली. तेव्हाच्या डॉक्टरांनी केलं ते अगदी बरोबर होतं, आज मीही तुला तेच करायला लावीन, फक्त सुया कमी लागतील.

‘आणि तू ओरडलीस, ते?’

मी काही बोलले नाही.

‘तू नसतीस ओरडली तर मी ओरडलो असतो,’ तो म्हणाला. ‘माझ्या बोटाला लाळ होती, मी किती घाबरलो होतो तुला माहीत नाही.’ मग फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं की त्यांच्या सोसायटीच्या वॉचमनपाशी एक काळी कुत्री असते, दोन दिवस खात नाहीये, कानात गोचिडी आहेत, रक्त कुठे तपासायचं? मी म्हटलं, काच आणि सुई घेऊन मीच येते. तिला आंघोळ वगैरे घालू नकोस.